बस्त्यावचं कॉफीचं मशीन

१८ जाने. २००४, रविवार
चर्चमधून, मिस्साहून आल्यावर माळ्यावरचा खोका उतरवला. माझ्या नवऱ्याने, बस्त्यावने, चार वर्षांपूर्वी इटलीहून आणलेलं कॉफीचं मशीन. वीस वर्षं त्याने प्रवासी बोटीवरच्या बारमध्ये कॉफी काढली, घरचं मशीन मात्र ‘रिटायर झाल्यावर’ म्हणून बांधून ठेवलं. रिटायर कसला! ऑगस्टमध्ये बोटीवरच झटका आला, उजवा हात लुळा पडला, घरी पाठवला. डॉक्टर म्हणतात हात मेलेला नाही, वापरा. हा वापरत नाही. पाच महिने ओसरीवर बसून पाचूबंदरच्या होड्या बघतोय.
म्हटलं, मी शिकते. नुसतं बघितलं माझ्याकडे. बघू दे.

२० जाने.
हँडलमध्ये पूड भरायची, स्टीलच्या ठोकळ्याने दाबायची, हँडल मशीनला अडकवून पिळायचं, बटण. एवढंच तर! कप आठ सेकंदांत भरला. ब.ने एक घोट घेतला. “हे पानी हाय. पूड बारीक पायजे.”
या आठवड्यातली पहिली दोन वाक्यं. हसू की रडू.

२४ जाने., शनि.
मिक्सरमध्ये धड बारीक होईना, म्हणून दाणे घेऊन मसाल्याच्या गिरणीवर गेले. गिरणीवाला म्हणाला, “टीचर, दोनदा तांदूळ फिरवून साफ केलीय.” साफ कसली. कपात मिरची, धणे, सगळा आमचा वर्षभराचा बाटलीत भरायचा मसाला. ब.ला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, आणि मग हसला. खरंच हसला! शेजारून मोठी जाऊ मार्था धावत आली, तिला वाटलं दुसरा झटका. “त्यापरीस पातेल्यात उकळ ना गो!”
नाही उकळणार.

१ फेब्रु., रवि.
माटुंग्याच्या कॉफीवाल्याकडून हाताने फिरवायची चक्की आणली. खांदा भरून आलाय. ब.चा नियम: कप भरायला पंचवीस सेकंद. घड्याळ बघू की कप? मी ‘नमो मारिया’ची प्रार्थना दोनदा म्हणते, सावकाश. आज दुसरी अर्ध्यावर असतानाच कप भरला.
“जोर लाव. तुझा हात घाबरतो.”
माझा हात घाबरतो म्हणे! कोण बोलतंय बघा.

९ फेब्रु.
आज फारच बारीक दळलं. अख्खी रोझरीची माळ जपून झाली असती, पण थेंब नाही. घाईने हँडल सोडवलं, आत वाफ कोंडलेली. गरम चोथा भिंतीला, गाऊनला. मनगट भाजलं.
ब. खुर्चीवरून आपणहून उठून आला. डाव्या हाताने नळ सोडला, त्याच हाताने माझं मनगट धारेखाली धरलं. उजवा खिशातच.

१९ फेब्रु., गुरु.
जमलं!! काकवीसारखी धार, वर तपकिरी फेस. दोन नमो मारिया, बरोब्बर. ब.ने तळापर्यंत कप संपवला. “हां. ही कॉफी.”
मोरीत जाऊन रडून घेतलं.

२२ फेब्रु., रवि.
आता सकाळी एक, दुपारी एक. “आज जाड दळलीस”, “कप गरम नाय केला”. मार्था म्हणते, “बरा झाला गो तुझा बस्त्याव.” कसला बरा! खुर्ची तीच, फक्त डाव्या हातात कप आला. महिनाभर मरमर करून मी काय केलं, तर त्याला बसल्या जागी एक चांगला नोकर दिला. चुकलंच माझं. त्याच्या हाताचं काम मी माझ्या हातात घेतलं, आणि वर टाळ्या.
परवा नाही तेरवा उपवासकाळ सुरू. यंदा ईस्टरपर्यंत आवडीचं काय सोडायचं…

२५ फेब्रु., राखेचा बुधवार
कपाळाला राख लावून घेतली. देवळातून येताना सांगून टाकलं, “यंदा मी मशीन सोडलं. ईस्टरपर्यंत हात लावणार नाही.”
“तू कुठं कॉफी पितेस?”
“काढायला आवडते. सोडायचं ते आवडीचंच ना?”
“मंग मला कोन देनार?”
“दोन हात आहेत तुला.”
दोन म्हटलं, मुद्दाम. घरी येईपर्यंत चार पावलं पुढेच चालला. रागावू दे. देवाला शब्द दिलाय, आता मलाही माघार नाही. भीती वाटते, हट्टाने उलट कायमचा बसला तर?

२७ फेब्रु., शुक्र.
दोन दिवस कॉफी नाही. मार्थाने कीव येऊन पातेल्यात उकळून आणली, ब.ने तोंड लावलं नाही.
चारला शाळेतून आले तर ब. ओट्याशी उभा. सगळीकडे पूड. डाव्या हातात हँडल, उजवा ठोकळ्यावर, बोटं थरथरतायत, छातीचा भार देऊन दाबतोय. ठोकळा घसरला, पूड लादीवर. मी पुढे झाले.
“शब्द दिलायस ना? थांब तिथंच.”
थांबले. हात पाठीमागे बांधून, वर्गातल्या पोरांना उभं करते तशी. तीनदा भरलं, तीनदा सांडलं. चौथ्यांदा हँडल अडकलं, पण पूर्ण पिळता आलं नाही, पाणी बाजूनेच गळलं. कॉफी झाली नाही. शर्ट घामाने चिंब.
खाली बघूनच म्हणाला, “दाने जास्ती आन. लय वाया जातील.”