राजदूतचं इंजिन

मखमलाबाद, नाशिक
९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
भारतचा सा. न. वि. वि.

हातात मोबाइल असताना मी पत्र लिहिलं म्हणून भाऊजी हसतील. पण आमची रोशनी नुकतीच वाचायला शिकली आहे आणि फोनवर येईल तो मेसेज घरभर मोठ्याने वाचून दाखवते. माझ्या सासूबाईंनी सुवर्णाला पाठवलेली तक्रार तिने आईसमोर वाचली, तेव्हापासून घरात जरा जपूनच बोलणं चालू आहे. आता लिहितो ते आईच्या कानावर जायला नको.

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं आणि मी शेडमधली त्यांची राजदूत बाहेर काढली. फुलांचे क्रेट, ठिबकच्या नळ्या, फाटकी ताडपत्री, सगळ्याच्या खाली होती. टाकी गंजून चाळणी झाली आहे आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. पेठ रोडला गोटीरामचं गॅरेज आहे. तो माझ्या वर्गातला, तुला आठवत असेल, फार बोलतो. शेवंती मार्केटला पोचवली की मी दुपारी तिथे जातो. इंजिन उतरवून झालं, आता उघडायचं आहे.

परवा तिथे धनराजमामा आले. गुडघ्यांनी बेजार असताना इगतपुरीहून बसने आले, पण घराकडे फिरकले नाहीत. इंजिन बाकावर पाहिलं आणि तोंड उतरलं त्यांचं. म्हणाले, हे उघडू नकोस, मेलेल्या माणसाची वस्तू चिवडू नये, मी तुला दुसरं तयार इंजिन आणून देतो. मी चहाला गेलो तेव्हा त्यांनी गोटीरामलाही बाजूला घेऊन तेच सांगितलं. मला ते बरं वाटलं नाही. तुला काय वाटतं ते कळव. पत्र गोटीरामच्या गॅरेजच्या पत्त्यावर टाक.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी माया तेवढीच ठेव.
तुझा भारत

मनमाड
१४ नोव्हेंबर २०२५

चि. भारत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि भाजी करपली. हे हसले नाहीत, करपलेलं मुकाट खाल्लं.

मामा इंजिन उघडू नको म्हणतात ना, मग आधी तेच उघड. तू तेव्हा चार वर्षांचा होतास, तुला काय आठवणार. तू मामींकडे इगतपुरीला राहायला गेला होतास. अण्णा आणि मामा राजदूतवरून घराकडे निघाले आणि घोटी सोडल्यावर पडले. अण्णांचा पाय गेला तो गेलाच, आणि गाडी शेडमध्ये पडली ती पुन्हा कुणी दुरुस्तीला काढली नाही. दुसऱ्या दिवशी मामी तुला आगगाडीने घेऊन आल्या. मामांनी दवाखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं, पेट्रोल मी भरलं, त्यात तेल घालायचं विसरलो, म्हणून इंजिन जाम झालं आणि चाक अडकलं. आजीने त्यांना जन्मभर ते ऐकवलं. मीही मनातून कधी माफ केलं नाही. अण्णा खाटेवर, आई मळ्यात, मग घर कोण बघणार? आठवीत माझी शाळा सुटली. बाईंनी दोनदा घरी येऊन आईला समजावलं होतं.

पण जो माणूस स्वतःच चूक कबूल करतो, त्याला त्या इंजिनाची आज भीती कशाची? मला वाटतं, कबूल केलं ते थोडं आणि दडवलं ते जास्त. गाडी तेच चालवत असतील, किंवा प्यायलेही असतील. इंजिनाला एकट्याने सोडून कुठे जाऊ नकोस.

सुवर्णाला सांग, तिचं ब्लाउज शिवून ठेवलं आहे. सगळ्यांची आठवण काढणारी,
ज्योत्स्नाताई

मखमलाबाद
२६ नोव्हेंबर २०२५

ती. ताई,
सा. न.

इंजिन उघडलं. पिस्टन गंजाने चिकटला होता. डिझेल ओतून ठेवलं, लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकलं, तेव्हा बाहेर आला. पुसून उजेडात धरला तर काय, अंगावर एक ओरखडा नाही. सिलिंडरही आतून तसाच, जिथे गंज नाही तिथे गुळगुळीत. गोटीरामने मला दुसऱ्या एका गाडीचा पिस्टन दाखवला, तो तेलाविना जाम झालेला होता. त्याच्यावर मांजराने नखं ओढावीत तसे उभे चरे होते. दोन्ही शेजारी ठेवले, मग सांगायला काही उरलं नाही.

ताई, तेल विसरल्याची गोष्टच खोटी आहे. हे इंजिन कधी जाम झालंच नव्हतं.

मामांना फोन केला तर उचलला नाही. रात्री जेवताना मी आईला सहज विचारलं की अण्णा पडले तेव्हा गाडी कोण चालवत होतं. ती म्हणाली, तुझे अण्णाच, आणि ताट अर्धं टाकून उठली. आता मला तिचाही संशय येऊ लागला आहे. हे लिहायला लाज वाटते, पण येतो आहे. तू मोठी आहेस, मामांना तूच विचार. नाहीतर मी इगतपुरीला जाऊन दारात उभा राहतो.

आशीर्वाद असू दे, सध्या त्याची गरज आहे.
भारत

मनमाड
३० नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामा यांस,
ज्योत्स्नाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मी पत्र लिहिलं त्याला किती वर्षं झाली ते मला सांगता येणार नाही. आजही खुशाली विचारायला लिहीत नाही, याची क्षमा असावी.

भारतने इंजिन उघडलं. ते जाम झालेलं नव्हतं. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं आम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं. अण्णा बोलले नाहीत, आई बोलत नाही. माझी शाळा त्या दिवसापायी गेली, त्यामुळे विचारायचा हक्क मला आहे असं मी समजते. गाडी कोण चालवत होतं आणि काय झालं, ते तुमच्या हाताने लिहून कळवा. उत्तर आलं नाही तर भारत तिथे येईल. तो रागात आहे.

मामींना नमस्कार सांगावा. नातं आहे म्हणूनच लिहिलं.
आपली भाची,
ज्योत्स्ना

इगतपुरी
६ डिसेंबर २०२५

चि. सौ. ज्योतीस,
धनराजमामाचे आशीर्वाद.

अक्षर सांभाळून घे. तुझी मामी म्हणते लिहू नका. पण भारत इथे आला तर त्याच्या तोंडावर मला खोटं बोलता येणार नाही, म्हणून तुला लिहितो.

गाडी दाजीच चालवत होते. मी मागे होतो. दारूचा थेंब कुणी घेतला नव्हता. पण भारत इगतपुरीला राहिला नव्हता, पोरी. तो घरी यायचं म्हणून रडला, म्हणून दाजींनी त्याला पुढे टाकीवर बसवलं. लय खुशीत होता. दाजींच्या हातावर हात ठेवून हँडल धरलं होतं त्यानं. घोटी सोडल्यावर भाताच्या खाचरातून बगळ्यांचा थवा उठला. ते बघ, बघ, करत त्यानं हँडल सगळा जोर लावून आपल्याकडे ओढलं. दाजींनी त्याला सावरलं, गाडी नाय सावरली. भारत चिखलात पडला, खरचटलंसुद्धा नाही. दाजींचा पाय खाली आला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्याबरोबर दाजींनी माझा हात धरला. म्हणाले, माझी आई पोराला जन्मभर बापाचा पाय मोडणारा म्हणून हाक मारील, हे त्याच्या कानावर कधी जाता कामा नये. मी म्हटलं, मग माझ्यावर घाला, मी काय रोज तुमच्या घरात राहतो? तेलाचं मला तिथेच सुचलं. रातोरात भारतला मामीकडे पोचवला. दाजी, तुझी आई, मामी आणि मी, आम्हा चौघांशिवाय कुणाला ठाव नाही. त्यातले दाजी गेले.

तुझ्या शाळेचं मला ठाऊक होतं. त्यासाठी मी तुझ्या आईच्या पाया पडायला आलो होतो, पण तुझ्या आजीने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. आता भारतला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी थकलो.

सुखी राहा. या म्हाताऱ्याला मनातून काढू नकोस.
धनराजमामा

मनमाड
१५ डिसेंबर २०२५

चि. भारत,
आशीर्वाद.

उशीर झाला, कारण आधी दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं.

मामांचं उत्तर आलं. गाडी अण्णाच चालवत होते. रस्त्यात अचानक म्हैस आडवी आली. अण्णांनी ती चुकवली आणि गाडी घसरली. एवढंच. आजीचा स्वभाव तू पाहिला आहेस. स्वतःच्या लेकाला गाडी नीट हाकता आली नाही, असं तिने अण्णांना खाटेवर रोज ऐकवलं असतं. म्हणून मामांनी तेलाची गोष्ट रचून दोष स्वतःवर घेतला. आपण त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि ते राहिले. मी त्यांना प्यायलेले म्हटलं होतं, ते आठवलं की घास उतरत नाही.

शाळेचं मी तुला उगाच लिहिलं. मला गणित कुठे यायचं? राहिले असते तरी नापासच झाले असते.

तू आता मामांकडे जा, पण भांडायला जाऊ नकोस. आणि गाडी सुरू झाली की रोशनी हट्ट करील. तिला मागे सुवर्णाजवळ बसव, पुढे टाकीवर मुळीच नको. माझं एवढं ऐक.

तू भाऊ म्हणून मिळालास याचा आनंद असलेली,
ताई

मखमलाबाद
४ जानेवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी सुरू झाली. नवे बेअरिंग, नवी सील, कार्ब्युरेटर धुऊन घेतला, पिस्टन मात्र नवा घ्यावाच लागला. पहिल्या धुराने गोटीरामचं सगळं गॅरेज खोकत बाहेर आलं.

तुझं म्हशीचं मी आईला सांगितलं. ती शेवंती खुडत होती. तिचा हात थांबला. हे कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. ताईने, म्हटल्यावर तिने हातातली फुलं टोपलीत ठेवली. मग म्हणाली, हो, म्हैसच होती, आणि धनराजला जेवायला घेऊन ये.

म्हणून काल राजदूतवरून इगतपुरीला गेलो. मामांच्या पाया पडलो आणि म्हटलं, त्या एका गायीपायी तुम्ही केवढं सोसलंत. गाय मी मुद्दाम म्हटलं. मामा डोळे पुसत म्हणाले, हो रे, गायच ती, पांढरीशुभ्र.

तेव्हा मला कळलं की तुम्ही तिघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवता आहात. येताना विचारणारच होतो. मामा मागे बसले होते. घोटी सोडली तसा त्यांनी माझा खांदा असा धरला, की पाठीमागे त्यांना रडू फुटलं आहे हे मला वळून न बघता समजलं. मी गाडी हळू केली आणि काही विचारलं नाही. घरी आईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, मामांवरून आधी आणि मग माझ्यावरून. दोघं बहीणभाऊ जेवायला बसले ते उठेनात.

विचारणार तुलाही नाही. रोशनी मागेच बसते. संक्रांतीला ये, तुला न्यायला मनमाडला गाडी घेऊन येतो.

तुझा,
भारत