तोंड धुतल्यावर

नॉरशॉपिंग, ५ मार्च १९९३

ती. गुनवोर आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याची चौकशी आधी करायला हवी, पण मला आधी ओकून टाकायचंय. माफ कर.

पंपांच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती आपल्या फिरत्या नाटकामुळे. मुलाखतीत मी फुशारकीनं सांगितलं होतं की शाळेच्या आधी मी घरच्यांकडून रंगमंचावर शिकले: पाठांतर, आवाज, चुकलं तरी न डगमगणं. आमचे वरिष्ठ हेडलुंड तेव्हा का खूश झाले ते आता कळलं. चाळीस कामगारांना काढायचंय, आणि ते एकेकाला सांगायचं काम माझं.

काल एस्किल आले. ओतकामात एकतीस वर्षं. मी वाक्य म्हटलं, नजर खाली नेली, चारपर्यंत मोजलं, श्वास सोडला. आजोबांनी मरणाच्या प्रवेशासाठी शिकवलेली जागा, ओळखलीस ना? डोळे भरून आले. मनात मात्र कँटीनमधलं दर गुरुवारचं वाटाण्याचं सूप संपलं तर नसेल ना, एवढंच होतं.

त्या माणसानं मला स्वतःचा रुमाल दिला. हात थोपटून म्हणाले, "तुला किती जड जात असेल, पोरी. आभारी आहे."

आपल्यात पडदा उघडण्याआधी कोणी शुभेच्छा म्हणून मागून लाथ घातली, तर आभार मानायचे नाहीत, नाहीतर प्रयोग पडतो. इथं रोज कोणीतरी आभार मानतं आणि माझा प्रयोग काही पडत नाही.

हेडलुंड म्हणतात, हे कसब आणखी चौघांना शिकव, तुला विभागप्रमुख करतो. पंधरा तारखेला उत्तर हवंय. रुमाल तीनदा धुतला. तरी हातात धरवत नाही.

लोभ असू दे, शिल्लक असेल तेवढा.

तुझी इल्वा


हेडेमोरा, ९ मार्च

चि. इल्वास अनेक आशीर्वाद.

गुडघा दुखतोय. तुझं पत्र दोनदा वाचलं.

चाळीस वर्षं मी रंगमंचाखालच्या पेटीत बसून विसरलेले शब्द पुरवले. तिथून माणसांची फक्त तोंडं आणि बूट दिसतात, त्यामुळे खोटं मला चटकन कळतं. तू सात वर्षांची असताना एका प्रयोगात मेलेली पडली होतीस. पुढच्या रांगेतली बाई रडायला लागली, तशी उठून तिला सांगायला गेलीस की मी मेले नाहीये. प्रयोग संपायच्या आधी! आजोबा भडकले. मला मात्र पोरीचं कौतुक वाटलं होतं.

त्यांचा नियम आठव. पडदा पडला की तोंड धुवायचं आणि दारात उभं राहून प्रत्येकाशी हात मिळवायचा. रंग उतरलेला लोकांना दिसला पाहिजे. तुझ्या त्या खोलीत पडदा पडतो कधी? आपण नाटकाला आलोय हे त्या माणसाला माहीत तरी होतं का? मला तुझी शिसारी आली. लिहितेच आहे तर हेही लिहिते.

पुढचा शब्द मी पुरवणार नाही. तुला तो येतो.

वेलदोड्याचे बन पाठवलेत. शिळे झाले तर कॉफीत बुडव.

राग आहे, मायाही तेवढीच आहे.

गुनवोर आत्या


नॉरशॉपिंग, १४ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बन पोचले.

काल इस्त्री केलेला रुमाल घेऊन एस्किलांच्या दारी गेले. ते हसले, बायकोला हाक मारून म्हणाले, हीच ती मुलगी. कॉफी ठेवायला सांगितली. मी वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एक बूट काढला आणि तशीच एका पायावर उभी राहून सांगून टाकलं, की ते रडू शिकलेलं होतं, तुमच्या आधीच्या सहा जणांपुढेही मी तेच केलं.

बायको त्यांना म्हणाली, "म्हणजे ती आपल्यासाठी रडली नव्हती?" तेव्हा कळलं. त्यांनी घरी सांगितलं होतं की एवढ्या कारखान्यात निदान एक पोरगी तरी आपल्यासाठी रडली. नऊ दिवस दोघं तेवढ्यावर तग धरून होते. आणि माझं तोंड स्वच्छ व्हावं म्हणून मी तेही काढून घेतलं. मला त्या रडण्यापेक्षा याची जास्त किळस आली, आत्या. पण सांगितलं नसतं तर काय, तेही सुचत नाही.

एस्किल म्हणाले, "बूट घाल."

रुमाल त्यांनी घेतला नाही. बूट मी बाहेर जिन्यावर बसून घातला. आतून कोणी आभाराचा शब्द काढला नाही. मी ऐकत होते.

उद्या हेडलुंडना नाही सांगते आहे. उरलेल्यांना मी कागद वाचून दाखवीन, आणि ते चिडले तर बसून ऐकेन. हे चाललं नाही तर यादीत शेवटचं नाव माझं. काय बोलायचं ते पाठ केलेलं नाही.

लोभ वाढू नये, आहे तेवढा पुरे. दुखऱ्या गुडघ्याला झेपलं तर उद्यासाठी इथवर एक लाथ पाठव. आभार मानणार नाही.

तुझी इल्वा