चंद्र आला नाही, दूध करपलं

डार्मश्टाट, ऑक्टोबर २०१७

प्रिय मधू यास दत्तात्रयचा सप्रेम नमस्कार.

तुझे गुडघे कुरकुरत का होईना, चालतायत ना? वहिनींना नमस्कार सांग. आपलं साप्ताहिक डिसेंबरपासून कागदावर निघणार नाही, नुसतं मोबाइलवर येणार, हे तुझ्याकडून कळलं. असो. मी इथे लेकीकडे अगदी मजेत आहे.

इथल्या मराठी मंडळाने मला पोरांना पत्रकारिता शिकवायला बसवलंय. (कागद संपत आला तेव्हा आपण गुरुजी झालो, बघ!) खिडकीबाहेर पिवळी पानं गळत असतात, ट्राम हळूच निघून जाते, आणि शिकवता शिकवता माझाच डोळा लागतो. झोपेत शाईचा वास येतो रे. जागा होतो तोवर पोरांनी फोनवर बातमी लिहूनही टाकलेली असते.

पहिली कामगिरी कोजागिरीची. ती इथे शनिवारी दुपारी झाली, कारण हॉल तेव्हाच मिळाला. बाहेर लख्ख ऊन, आत आम्ही पडदे ओढून मसाला दूध घेऊन बसलेलो. मला तर, खरं सांगतो, छतावर चंद्र दिसायला लागला होता! मी पोरांना ओळ दिली, 'चंद्राच्या शीतल प्रकाशात कोजागिरी मोठ्या उत्साहात संपन्न.' (तू आणि मी जन्मभर घरबसल्या लिहिली, तीच.) तर माझी नात मुक्ता म्हणते, 'आजोबा, श्टिम्ट निश्ट.' म्हणजे, हे खरं नाही. कार्टीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

त्यात इथली रीत अशी, की ज्याचं बोलणं छापायचं त्याला ते आधी दाखवायचं. (आपण दाखवत बसलो असतो तर एक तरी अंक निघाला असता का?) अध्यक्ष स्नेहलताबाई पातेल्यापाशी 'अगं बाई, दूध करपलं!' असं ओरडल्या होत्या. दाखवल्यावर त्यांनी त्याचं 'दूध खमंग झालंय' केलं. मुक्ताने निमूट बदललं आणि बातमीच्या कागदावर खाली हाताने स्वतःची भर घातली, 'चंद्र आला नाही. दूध करपलं होतं. मी प्यायले.' मराठीत, मधू! वेड्यावाकड्या अक्षरात, पण मराठीत. बाई माझ्याशी बोलत नाहीयेत, आणि मला मेलं रडूच फुटलं.

तुझा,
दत्तू

ता. क. कागद बंद व्हायच्या आत तिची बातमी तिच्या नावानिशी छाप. कोपऱ्यात चालेल, पण अक्षर बदलू नकोस. त्या नावावरून तिला एकदा बोट फिरवू दे.

ता. क. दुसरा. यात मुक्ताचं बोलणं आहे, म्हणून रीतीप्रमाणे पत्र तिला वाचून दाखवलं. 'अगदी मजेत आहे' यावर तिने पेन्सिलीने रेघ मारलीय. म्हणाली, 'आजोबा, श्टिम्ट निश्ट.' ती रेघ मी पुसली नाही.