बादलीभर पाण्याचं धोंडस

॥ श्री ॥
गोडदेव, भाईंदर (पूर्व)
२२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा स्टीलचा डबा रसिकाच्या लग्नापासून माझ्याकडे पडून आहे, तो ह्यांच्याबरोबर स्कूटरवरून पाठवतेय. भांडं रिकामं परत करू नये ही आईची शिकवण, म्हणून आत चिवडा आहे. गैरसमज करून घेऊ नकोस. दहा महिन्यांपूर्वी तू म्हणालीस, आता मी आपणहून तुझ्याशी बोलणार नाही. मीही म्हणाले, मग मीही नाही. लिहिण्याबद्दल कोणीच काही म्हणालं नव्हतं.

एक विचारायचं होतं. तवशाचं धोंडस तू कसं करतेस? आमच्या महिला मंडळात हल्ली जुन्या पदार्थांची टूम निघाली आहे, बाकी काही नाही.

रसिका बरी आहे, सातवा महिना. पाच तारखेला रविवारी आमच्याकडे डोहाळजेवण आहे. तुला कळावं म्हणून लिहिलं.

लोभ असावा; नसला तर निदान उत्तर तरी यावं.
तुझी धाकटी बहीण,
वासंती


मीरा रोड
२४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. वरून दोन बोटं रिकामा होता आणि बबनरावांच्या मिशीत शेंगदाण्याचं साल होतं. पाहुण्या माणसाला काय विचारायचं? चिवड्यात मीठ कमी आहे.

महिला मंडळ मला सांगू नकोस. रसिकाला माझ्या धोंडसाचे डोहाळे लागलेत हे बबनरावांनी दारातच सांगितलं, चप्पल काढायच्या आधी. लग्नात मी धोंडस करते म्हटलं, तर व्याही काकडीचा केक म्हणून हसतील असं तू चारचौघांत म्हणालीस. वर मला सांगितलंस की ताई, तू फक्त नटून बस. मी नटून बसले, तुमची रसमलई खाल्ली आणि घरी येऊन रडले. तेव्हा सांगितलं नाही, आता लिहिते.

कृती पोरीसाठी देतेय, तुझ्यासाठी नाही. तवसं म्हणजे कोवळी काकडी नव्हे. हातभर लांब, पिवळं, चांगलं जून बघून घे. टोकं कापून चाख, कडू निघालं तर सगळं वाया. बिया काढून कीस. तांदळाचा रवा तुपावर भाज, त्यात कीस, गूळ, ओलं खोबरं, वेलची, किंचित मीठ घाल. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, तवशाच्या अंगचं पाणी पुरतं. जाड पातेल्यात हळदीचं पान, त्यावर मिश्रण, आणि आई करायची तसे झाकणावर निखारे.

डब्यात नारळाच्या वड्या आहेत. अकरा. मोजून घे.

डोहाळजेवणाचं ‘कळावं म्हणून’ लिहिलंस, ‘ये’ असं लिहिलं नाहीस. कळलं.

लोभ माझ्याकडून कधी आटला नव्हता.
ताई


गोडदेव
३० सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वड्या नऊ पोचल्या. हे म्हणतात, रस्त्यात खड्डे फार आहेत.

पहिल्यांदा मी भाजीवाल्याची हिरवी काकडी वापरली. म्हटलं, काकडी ती काकडी. त्याची खळ झाली. रसिकाने एक घास खाल्ला, छान झालंय म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून रडत बसली. मग पालीहून भाजी घेऊन येते ती शेवंती, तिने माझ्या हातातली काकडी बघून सांगितलं की बाय, याचा धोंडस होत न्हाय, आणि दुसऱ्या दिवशी खरं तवसं आणून दिलं.

सगळं तू लिहिलंस तसंच केलं. गॅसवर पातेलं ठेवलं असतं तर निखारे कुठले? म्हणून गॅलरीत शेगडी मांडली, करवंट्या पेटवल्या, फुललेले निखारे झाकणावर रचले. वास इतका सुंदर सुटला की मला आई आठवली. पण धूर वरच्या मजल्यावर गेला. जितेंद्रभाईंनी वरून ओरडून विचारलं की वासंतीबेन, आग लगी क्या, आणि उत्तराची वाट न बघता अख्खी बादली ओतली. पाण्याचा थेंबही नको असं तू लिहिलं होतंस. झाकण, निखारे, धोंडस, सगळं पोहत होतं. सोसायटीची नोटीस आली आहे. जितेंद्रभाईंचा सत्कार आहे.

ताई, आता खरं लिहिते. लग्नात मला लाज वाटली होती. जावयाच्या घरचे मोठे, आपलं हसू होईल असं वाटलं. ती रसमलई कोणाला आठवतसुद्धा नाही. पोर मात्र मावशीचं धोंडस मागतेय आणि मला ते येत नाही. मी चुकले. रविवारी ये. हा शब्द लिहायला दहा महिने लागले.

डब्यात करंज्या आहेत, ह्यांच्यादेखत चिकटपट्टी लावली आहे.

लोभ करावा, मी पात्र नसले तरी.
वासंती


मीरा रोड
३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण बघायला आली. मग मला माझीच लाज वाटली.

निखारे आईच्या वेळचे, वासंती. मी वीस वर्षं धोंडस कुकरमध्ये करतेय, शिटी काढून, चाळीस मिनिटं. तू नेहमी म्हणायचीस की ताईचं अगदी आईसारखं लागतं, म्हणून कुकर हा शब्द हातून लिहवेना. तुझी गॅलरी माझ्या फुशारकीने काळी झाली. जितेंद्रभाईंना माझा नमस्कार सांग.

आणि धोंडस मी करते ते याच डब्यात. बरोब्बर कुकरमध्ये बसतो. दहा महिने तो तुझ्याकडे होता. दुसरं भांडं मिळालं असतं, पण मी शोधलं नाही.

आपल्यात डबा रिकामा पाठवत नाहीत, तरी मी रिकामाच पाठवतेय. भरायला मी उद्या येते. तवसं आणून ठेव. मात्र आधी बोलायचं तू. मी बेल वाजवीन, ते बोलणं धरू नकोस.

लोभ आहेच, वाढावा.
ताई


गोडदेव
४ ऑक्टोबर, सकाळ

ती. ताईस,

हे तुला आणायला निघालेत, त्यांच्याच खिशात ही चिठ्ठी. तवसं आणलंय, टोकं चाखली, गोड आहे. रसिका सकाळपासून डबा मांडीवर घेऊन बसली आहे.

बेल वाजवू नकोस, दार उघडंच ठेवलंय. बाकी सगळं तोंडी.

तुझी
वासू