भिंतीपलीकडचा तांबेरा

मल्लेश्वरम, शुक्रवार, १० फेब्रुवारी १९६१

शी! तीनदा हात धुतले, तरी नखात तो नारिंगी भुगा आहेच.

महिन्यापूर्वी परसातल्या लसणावर तांबेरा पडला. किळस येऊन मी सगळी रोपं उपटली आणि भिंतीवरून शेजारच्या सुशीलाक्कांच्या खतखड्ड्यात फेकली. जाळायला हवी होती, हे माहीत असून!

आज संध्याकाळी अक्का त्यांच्या वाफ्यातली पात घेऊन आल्या. हात लावला, तर तोच भुगा. "हे काय पडलंय गं?"

"हवाच वाईट आहे, अक्का." किती सहज बोलले मी!

त्यांनी चार गड्डे पुढे केले. "तुझा तर सगळाच गेला. आमचा स्वल्प वाचलाय, फोडणीला घे."

आणि मी पदर पसरून घेतले.

पुन्हा हात धुऊन आले. आहेच.