बाबांनी न भरलेल्या जाहिराती

१२ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

बाबांनी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या मालिकांच्या कॅसेटी आज मी डिस्कवर उतरवल्या. मधल्या जाहिराती कॉम्प्युटरवर कापायला बसले, तर कापायला काही नाहीच! प्रत्येक वेळी पॉज नेमका दाबलेला. साबणाचा फेससुद्धा कुठे दिसेना. चाळीस वर्षं हातमाग चालवलेला अंगठा, पण इतका अचूक? अंगठाच तो?

शेवटी विचारलं, "बाबा, जाहिरात येणार, हे तुमाले कसं समजे?"

"आधी आवाज बदलते ना वं. मागावर बी धागा तुटाच्या आधी आवाज बदलते."

म्हणजे दिवसभर मी अंगठ्याचं कौतुक करत होते, आणि ते कान होते.

हा प्रश्न मला तीनदा ओरडून विचारावा लागला.