बुचनीच्या हातचे पाणी

मी, पंडित मुक्तिनाथ झा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सिमरटोल, जिल्हा दरभंगा, धर्मशास्त्राचे निर्णय लिहून देणे हा व्यवसाय, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा शोभाकांत याला शंका असल्यास त्याने वैद्याला विचारावे.

१. राहते घर, आंब्याची कलमबाग व तळ्यातील माशांचा हिस्सा शोभाकांतला द्यावा. मिळकत मी स्वतः कमावलेली आहे. भाऊबंदांनी नाक खुपसू नये.

२. ताडपत्रांच्या पोथ्या सुनेला. ती त्या वाचते. मुलगा फक्त धूळ झटकतो.

३. माझी पाग, म्हणजे पंडिताची पगडी, पुतण्या हर्षनाथला. पंडितसभेत माझ्या जागी बसायला तो कधीचा टपून आहे. बसू दे एकदाचा.

४. आता मुख्य गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी गावातली बुचनी राउत माझ्या ओसरीवर आली. तिची गाय बांधलेली असताना मेली होती. मी एकच विचारले, गळ्यात दावे होते का? ती हो म्हणाली. मी निर्णय लिहून सही ठोकली: गोहत्या. तेच दावे गळ्यात घालून बारा दिवस दारोदार भीक मागायची, शब्द काढायचा नाही, नुसते हंबरायचे. नवव्या दिवशी तिचा नातू तळ्यात पडला आणि ती ओरडली. लोक धावले, पोर वाचले. मी म्हणालो, मौन मोडले, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.

"पंडितजी, पोर बुडत असताना मी हंबरत बसू होय?" एवढे बोलून तिने दावे माझ्या अंगणात टाकले आणि निघून गेली. पूर्वी आमच्या घरचे पाणी तीच भरत असे. त्या दिवसापासून तिच्या हातचा थेंबही गावात कोणी घेत नाही.

गेल्या माघात माझी गाय अडली. वासरू ओढून काढण्यासाठी मीच तिला आवळून बांधले आणि ती दाव्यातच गेली. हर्षनाथने तोंडातले पान गिळायच्या आत शास्त्रातले वचन काढून दिले: उपचारासाठी बांधलेली गाय दगावल्यास दोष नाही. वचन खरे आहे. मला ते लहानपणापासून पाठ आहे. मी तसाच उठून बुचनीकडे गेलो.

"तुझी गाय का बांधली होतीस?"

"अडली होती. वासरू आडवं आलं होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कुठं?"

मी तिच्या दारात रडलो. लपवत नाही. मग सभेत जाऊन माझा निर्णय चुकीचा आहे, ती निर्दोष आहे, असे सांगितले. हर्षनाथ म्हणाला, "काका, सही केलेला निर्णय मागे घेतलात, तर उद्या जो तो जुना कागद घेऊन दारात येईल." येऊ दे की. माणसाचे ऐकून न घेता लिहिलेला निर्णय धर्म नव्हे, मग खाली माझी सही असो की माझ्या बापाची. यावर सभेने ठरवले की, मी हट्ट सोडला नाही तर माझ्या श्राद्धाला कोणी जेवणार नाही.

५. सोडत नाही. माझ्या श्राद्धाला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दही-चुडा, म्हणजे दही-पोहे, व मासे करावेत आणि पंगतीला पाणी बुचनीने वाढावे. तिने कबूल केले आहे. ज्याला चालत नाही त्याने आपल्या घरी जेवावे. एकही पंडित आला नाही तर येईल त्याला वाढावे. माझ्या परलोकाचे मी पाहीन. शोभाकांतने यात काटछाट केल्यास कलम एकमधील सारे गावच्या शाळेला जाईल.

६. बुचनीला मी कलमबाग देऊ केली होती. "आंबे नकोत, पाणी प्या," असे ती म्हणाली. तेव्हा तिला काहीही दिलेले नाही, म्हणून तिची साक्ष कायद्याने चालते.

आज सही करण्यापूर्वी सभेच्या अंगणात सगळ्यांसमक्ष मी तिच्याकडे पाणी मागितले.

"तहान लागलीय, की प्रायश्चित्त करताय?" तिने विचारले.

"तहान लागलीय."

"मग बसून प्या. ठसका लागेल."

बसून प्यालो. पूर्ण लोटा.

स्थळ: सिमरटोल. तारीख: १२ मे १९६१.

सही: मुक्तिनाथ झा

साक्षीदार:
१. गणपत लाल, शाळामास्तर (सही)
२. बुचनी राउत, पाणी देणारी (डाव्या अंगठ्याचा ठसा)